गोलरक्षकाची मजुरी

या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांच्या मनात किमान वेतन, कंत्राटी पद्धत असे काहीतरी असावे. आम्ही "एका गोलकीपरची हकीकत" असे सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि मग त्यांनी हसून लिहून घेतले. वसंत ऋतूत युनियनच्या माणसालाही थोडा विरंगुळा हवा असेल, असे त्यांना वाटले असल्यास त्यात त्यांचा दोष नाही. परंतु आज आम्ही जे सांगणार आहोत ते मजुरी, करार आणि अपघात यांविषयीच आहे. फरक एवढाच की, कारखान्याच्या जागी येथे हिरवळीचे मैदान आहे.

आमचा आणि या विषयाचा संबंध जुना आहे. आमचे लहानपण कोल्हापुरात गेले. तेथे तालमीतून पैलवान निघतात तसे फुटबॉलचे संघही निघतात, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला म्हणजे घरोघरी जेवणाच्या वेळा बदलतात. गल्लीत खेळताना ज्याला पुढे पळता येत नाही आणि मागे अडवता येत नाही, अशा पोराला गोलात उभा करीत. आम्हांला नेहमी गोलात उभे करीत, यावरून आमच्या खेळाची कल्पना यावी. त्या जागेवर उभे राहिल्याने एक गोष्ट मात्र तेव्हाच समजली. दहा जणांच्या चुका खेळाच्या धुळीत मिसळून जातात. अकराव्याची चूक फलकावर लिहिली जाते.

शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. करार वाचता यावेत म्हणून शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजी शिकलो. इंग्लंडच्या कामगार चळवळीचा इतिहास वाचता वाचता एके ठिकाणी फुटबॉल खेळाडूंच्या युनियनचा उल्लेख आला. खेळाडूंनाही युनियन लागते, याचे तेव्हा आम्हांला नवल वाटले. त्या वाटेने आम्ही बर्ट ट्राउटमान या गोलरक्षकापर्यंत पोहोचलो. त्याची गोष्ट जगभर एका वाक्यात सांगतात: मान मोडली असताना त्याने अंतिम सामना पुरा खेळला. गोष्ट खरी आहे. पण ती एका वाक्यात संपवली की बाकीचा हिशेब राहून जातो. तो हिशेब आज मांडावयाचा आहे.

बर्नहार्ड ट्राउटमान याचा जन्म २२ ऑक्टोबर १९२३ रोजी जर्मनीतील ब्रेमेन या बंदराच्या शहरी झाला. वडील गोदीजवळच्या खताच्या कारखान्यात कामाला होते. मंदीच्या काळात राहते घर विकावे लागले आणि कुटुंब कामगारवस्तीतील एका इमारतीत राहावयास गेले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी हा नऊ वर्षांचा मुलगा नाझींच्या बालसंघटनेत दाखल झाला. पोराला खेळ हवे होते, शिबिरे हवी होती. ती तेथे मिळत. ज्यांना माणसे आपल्या साच्यात ओतावयाची असतात ते मुलांपासून आरंभ करतात, आणि बेकारीने पोळलेल्या घरांतील मुले हाताशी असली म्हणजे ते काम अधिकच सोपे होते.

पुढे मोटारदुरुस्तीची उमेदवारी, १९४१ साली विमानदलात भरती, नंतर छत्रीधारी सैनिकांत बदली. रशियाच्या आघाडीवर तो सुमारे तीन वर्षे होता. शौर्याबद्दल त्याला 'आयर्न क्रॉस' मिळाला. नाझी पथकांनी जंगलात निरपराध माणसांना उभे करून केलेली कत्तल आपण लपून पाहिली, असे त्याने उतारवयात आपल्या चरित्रकार लेखिकेला सांगितले. हे आम्ही मुद्दाम सांगतो. आमचा नायक धुतल्या तांदळासारखा होता, असे भासवून ही गोष्ट सांगता येत नाही. तो हिटलरच्या फौजेत मन लावून लढला होता. अखेर १९४५ साली तो ब्रिटिश सैन्याच्या हाती सापडला, आणि कैद्यांची मतांवरून वर्गवारी झाली तेव्हा त्याला प्रथम कट्टर नाझींच्या वर्गात घालण्यात आले. त्या वेळी त्याचे वय होते एकवीस.

त्याला ठेवले ती छावणी लँकशायरमध्ये होती. लँकशायर म्हणजे कोळशाच्या खाणी आणि कापडाच्या गिरण्या. छावणीतले कैदी आसपासच्या हौशी संघांशी फुटबॉल खेळत. ट्राउटमान तेव्हा बचावफळीत खेळे. एका सामन्यात त्याला इजा झाली, खेळ सोडवेना, म्हणून त्याने गोलरक्षकाशी जागेची अदलाबदल केली. तो गोलात उभा राहिला तो पुढे एकोणीस-वीस वर्षे हललाच नाही. शिकारीला निघालेल्याला वाटेत गुप्तधन सापडावे तसा हा प्रकार. लहानपणी तो हँडबॉल खेळला होता, त्यामुळे हातात चेंडू स्थिर बसे. छत्रीने उड्या टाकल्या होत्या, त्यामुळे कसे पडावे हे अंगाला ठाऊक होते. 'बर्न्ड' हे नाव इंग्रज जिभेला जड जाई, तेव्हा तेथेच त्याचा 'बर्ट' झाला.

१९४८ साली कैद्यांना मायदेशी जाण्याची मुभा मिळाली. सुमारे २४,००० जर्मन कैदी इंग्लंडातच राहिले. त्यांत हाही होता. प्रथम शेतावर मजुरी केली, मग लिव्हरपूलजवळ न फुटलेले बाँब निकामी करणाऱ्या तुकडीत काम केले. युद्धात लिव्हरपूलवर बाँब टाकले ते त्याच्याच देशाच्या विमानांनी, आणि ज्या विमानदलाने ते टाकले त्यातच तो भरती झाला होता. रविवारच्या प्रायश्चित्तापेक्षा असले रोजचे काम माणसाला अधिक शिकवीत असावे, असे आम्हांला वाटते. सुटीच्या दिवशी तो सेंट हेलेन्स टाउन या लहानशा क्लबासाठी खेळे. त्याचा खेळ पाहावयास माणसे लांबून येऊ लागली आणि १९४९ च्या ऑक्टोबरात मँचेस्टर सिटी या पहिल्या दर्जाच्या क्लबाने त्याला करारबद्ध केले.

मँचेस्टर शहराने बाँबचा वर्षाव सोसला होता. तेथे ज्यूंची मोठी वस्ती होती, त्यांपैकी अनेकांचे नातलग छळछावण्यांत मारले गेले होते. आणि ज्या जागेवर हा जर्मन उभा राहणार होता ती जागा फ्रँक स्विफ्टची होती. स्विफ्ट हा लोकांच्या गळ्यातला ताईत. १९३४ साली विसाव्या वर्षी त्याने चषकाचा अंतिम सामना जिंकला आणि शेवटची शिट्टी होताच तो हर्षाने मूर्च्छा येऊन पडला, ही आठवण शहर अजून सांगते. त्याच्या जागी छत्रीधारी नाझी सैनिक! निषेधाला सुमारे २०,००० माणसे जमली असे सांगतात. वर्षाची तिकिटे परत करण्याच्या धमक्या आल्या.

येथे दोन माणसांची नावे घेतली पाहिजेत. एक संघाचा कप्तान एरिक वेस्टवुड. तो स्वतः नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जर्मनांशी लढलेला. आपल्या संघाच्या खोलीत युद्ध नाही, असे त्याने पहिल्याच दिवशी सर्वांदेखत सांगून टाकले. दुसरे मँचेस्टरच्या ज्यू समाजाचे धर्मगुरू अलेक्झांडर आल्टमान. ते स्वतः जर्मनीतून निर्वासित होऊन आलेले. त्यांचे आईवडील नाझींनी मारले होते. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून आपल्या समाजाला विनंती केली की, एका राष्ट्राच्या अपराधाची शिक्षा एका माणसाला देऊ नका. या तरुणाची पारख तो माणूस म्हणून कसा आहे यावरून करा. ज्याचे काही गेले नाही त्याने क्षमेचा उपदेश करणे सोपे असते. ज्याचे सर्वस्व गेले त्याने हे लिहिले, म्हणून शहराने ऐकले. निषेध हळूहळू विरला. १९५० च्या जानेवारीत लंडनमध्ये फुलहॅमविरुद्ध सामना झाला. लंडनही बाँबने होरपळलेले शहर; प्रेक्षकांनी आरंभी त्याला शिव्याशाप दिले. सिटी एका गोलाने हरली, परंतु आणखी कितीतरी गोल ट्राउटमानने एकट्याने अडवले होते. सामना संपला तेव्हा तेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत होते आणि दोन्ही संघांचे खेळाडू रांग करून त्याला वाट देत होते.

आता त्याच्या कारागिरीविषयी दोन शब्द. गोलरक्षक म्हणजे अंगावर येईल ते अडवणारी भिंत, अशी जुनी समजूत होती. चेंडू हाती आला की तो शक्य तितका दूर लाथाडून द्यावयाचा. पुढे तो कोणाला मिळेल हे नशिबावर. ट्राउटमानने चेंडू हाताने फेकावयास सुरुवात केली. हँडबॉलमुळे त्याची फेक लांब आणि नेमकी जाई. चेंडू आपल्याच माणसाच्या पायाशी पडे. १९५३ च्या नोव्हेंबरात हंगेरीच्या संघाने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले आणि इंग्रजांचे डोळे उघडले. हंगेरीचा गोलरक्षक ग्रोशिच चढाईचा आरंभ करतो, हे सर्वांनी पाहिले. सिटीने डॉन रेव्ही या खेळाडूला मधोमध मागे ठेवून तीच पद्धत उचलली, आणि त्या यंत्राचे पहिले चाक म्हणजे ट्राउटमानची फेक. रक्षण करणारा माणूसच चढाईचा पहिला माणूस असतो, हे आज गल्लीतल्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा ते नवे होते.

इतका खेळ, इतकी गर्दी. मग माणसाला मिळे काय?

येथे थोडे मागे जावे लागेल. १९०१ साली इंग्लंडमधील फुटबॉलच्या चालकांनी नियम केला की, कोणाही खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांहून अधिक मजुरी द्यावयाची नाही. आपल्याकडे किमान वेतनाचा कायदा आहे; तेथे कमाल वेतनाचा नियम होता! क्लबाच्या दारावर कितीही पैसा जमो, खेळाडूची मर्यादा ठरलेली. दुसरा नियम त्याहून जाचक. कराराची मुदत संपली तरी क्लबाने खेळाडूला 'राखून' ठेवले की त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. गिरणीतला सांधेवाला एक गिरणी सोडून दुसरीच्या दारात उभा राहू शकतो. त्याच्या पोटाला चिमटा बसेल, पण पायात बेडी नसते. या खेळाडूंच्या पायात ती होती. चालकांचे म्हणणेही नमूद करतो: अशी मर्यादा नसेल तर श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू पळवतील आणि लहान गावांचे क्लब मरतील. या म्हणण्यात तथ्य अगदीच नाही असे नाही. परंतु लहान क्लब जगवावयाचे तर मोठ्या क्लबांनी त्यांना गल्ल्यातला वाटा द्यावा. तो भार खेळाडूच्या पगारातूनच का निघावा, याचे उत्तर आम्हांला कोठे मिळाले नाही.

या नियमांविरुद्ध पहिली टिकाऊ संघटना मँचेस्टरातच उभी राहिली. बिली मेरेडिथ हा वेल्सचा खेळाडू. बाराव्या वर्षापासून कोळशाच्या खाणीत राबलेला. १९०४ साली याच मँचेस्टर सिटीला त्याने चषक जिंकून दिला. पुढे क्लब मर्यादेबाहेर पैसे देतो असे उघड झाले आणि सिटीच्या सतरा खेळाडूंना दंड व बंदी झाली. २ डिसेंबर १९०७ रोजी मेरेडिथ आणि त्याच्या सोबत्यांनी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात सभा घेऊन खेळाडूंची युनियन स्थापन केली. १९०९ साली चालकांनी हुकूम काढला की युनियन सोडा, नाहीतर खेळ सोडा. बहुतेकांनी माना खाली घातल्या. मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू मात्र अडून बसले आणि त्यांनी स्वतःला 'बहिष्कृतांचा संघ' म्हणवून घेतले. शेवटी तडजोड झाली: युनियनला मान्यता, पण इतर कामगारसंघांच्या महासंघाशी नाते जोडावयाचे नाही. आमच्यापैकी ज्यांनी युनियनचे काम केले आहे त्यांना या तडजोडीची भाषा ओळखीची वाटेल.

ट्राउटमान आला तेव्हा ती मर्यादा आठवड्याला १२ पौंड होती. १९५१ साली १४, १९५३ साली १५, १९५७ साली १७ आणि १९५८ साली २० पौंड. देशातला सर्वोत्तम गोलरक्षक आणि तिसऱ्या प्रतीचा गोलरक्षक यांची कमाल मजुरी एकच. १९५२ साली जर्मनीतील शाल्के या क्लबाने ट्राउटमानसाठी सिटीला १,००० पौंड देऊ केले. सिटीने उत्तर दिले की त्याची किंमत याच्या वीसपट आहे. श्रोतेहो, हे वाक्य नीट ऐका. क्लबाच्या लेखी माणसाची किंमत २०,००० पौंड. त्याच माणसाची मजुरी आठवड्याला १४ पौंड. विकताना सोने आणि राबवताना लोखंड, हा न्याय आम्ही आमच्या आयुष्यात पुष्कळ पाहिला. पण इतक्या स्वच्छ आकड्यांत क्वचितच पाहिला. याच बांधिलकीचा दुसरा परिणाम असा की, जर्मनीच्या राष्ट्रीय संघात त्याची निवड कधी झाली नाही. जर्मनीत खेळशील तरच तुझा विचार करू, असे तेथील शिक्षक झेप हेर्बेर्गर यांचे म्हणणे होते. १९५४ साली जर्मनीने विश्वचषक जिंकला तेव्हा हा त्या संघात नव्हता.

आता अपघाताकडे येतो. गोलरक्षकाचे काम त्या काळी जोखमीचे होते. खांद्याने धडक देऊन गोलरक्षकाला चेंडूसकट जाळ्यात ढकलणे नियमात बसत असे. १९३१ साली ग्लासगोच्या सेल्टिक संघाचा बावीस वर्षांचा जॉन टॉमसन समोरच्या खेळाडूच्या पायाशी झेपावला, डोक्याला गुडघा लागला आणि त्याच रात्री तो मरण पावला. १९३६ साली सँडरलंडचा जिमी थॉर्प मार खाऊनही सामना पुरा खेळला आणि चार दिवसांनी वारला; त्याला मधुमेह होता. मग नियम झाला की गोलरक्षकाने चेंडू कवटाळला असता त्यावर पाय उगारू नये. सुरक्षेचा प्रत्येक नियम कोणाच्या तरी रक्ताने लिहिलेला असतो, असे कारखान्यांत म्हणतात, मैदानावरही तेच. परंतु एक नियम तेव्हाही नव्हता: जखमी माणसाच्या जागी दुसरा घेण्याचा. अकरा उतरले की अकराच. एक पडला तर दहा.

५ मे १९५६. वेम्बलीवर सुमारे एक लाख प्रेक्षक. मँचेस्टर सिटी विरुद्ध बर्मिंगहॅम सिटी. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात सिटी हरली होती. ट्राउटमानची त्या वर्षीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून नुकतीच निवड झाली होती. हा मान मिळवणारा तो पहिला गोलरक्षक. सिटी ३-१ अशी पुढे होती आणि सुमारे सतरा मिनिटे उरली होती. बर्मिंगहॅमचा पीटर मर्फी चेंडूमागे धावत आला. ट्राउटमान त्याच्या पायांत झेपावला, चेंडू त्याने धरला, आणि मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर बसला. मर्फीने हे जाणून केले नव्हते. ट्राउटमान बेशुद्ध पडला. शुद्धीवर आणले तेव्हा तो धड उभा राहू शकत नव्हता. कप्तान रॉय पॉल दुसऱ्या कोणाला गोलात उभे करावयास तयार होता. ट्राउटमानने नकार दिला. धुके पसरल्यासारखे दिसत असताना, मानेला हात लावीत, तो उरलेला वेळ उभा राहिला आणि आणखी चेंडू अडवले. त्यात आपल्याच सोबत्याशी पुन्हा एक धडक झाली. शिट्टी झाली, चषक मिळाला. पदक घ्यावयास तो गेला तेव्हा त्याची मान वाकडी होती, आणि राणीच्या यजमानांनीही ती पाहून विचारपूस केली.

त्या रात्री तो मेजवानीला बसला. डोके वळत नव्हते. दुसऱ्या दिवशी लंडनच्या एका रुग्णालयात सांगण्यात आले की मान आखडली आहे, उतरेल. दिवस गेले, मान उतरेना. मँचेस्टरला परतल्यावर क्ष-किरणाने छायाचित्र घेतले तेव्हा कळले की पाच मणके सरकले आहेत आणि दुसऱ्या मणक्याचे दोन तुकडे झाले आहेत. तिसरा मणका पाचरीसारखा अडकून बसला होता, म्हणून जीव वाचला. तो कित्येक महिने प्लास्टरमध्ये होता. सामन्याला काही आठवडेच झाले होते, तोच त्याचा पाच वर्षांचा मुलगा जॉन मोटारीच्या अपघातात गेला. वर्तमानपत्रांनी मानेचे पोवाडे गायिले त्याच दिवसांत त्या घरात हे चालले होते.

येथे आम्हांला आमची एक गोष्ट सांगणे भाग आहे. पंचविसेक वर्षांपूर्वी एका ओतीव कामाच्या कारखान्यात आम्ही नुकतीच युनियन बांधली होती. रात्रपाळीत रसाची डोली नेताना एक कामगार घसरून पाठीवर आपटला. रस ओतायचा राहिला तर साचे वाया जाणार, म्हणून तो उठला आणि त्याने पाळी पुरी केली. मालकाने त्याला सर्वांसमोर शाल-श्रीफळ दिले. आम्हीही व्यासपीठावर होतो आणि सर्वांत मोठ्याने टाळ्या आम्ही वाजवल्या. चार महिन्यांनी त्याचा पाय बधिर होऊ लागला. भरपाईसाठी अर्ज केला तेव्हा उत्तर आले की, त्या रात्री अपघाताच्या नोंदवहीत नोंद नाही. माणसाने तर पाळी पुरी केलेली आहे. शाल होती, नोंद नव्हती. तो पुढे कधी उभ्याने काम करू शकला नाही. तो आम्हांला बोलला नाही, त्याच्या बायकोने एवढेच विचारले, "साहेब, त्या रात्री तुम्ही नोंद का नाही घातली?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. तेव्हापासून कोणी जखमी होऊन काम पुरे केले असे ऐकले की आम्ही टाळी वाजवण्याआधी नोंदवही मागतो.

कोणी म्हणेल, ट्राउटमानला कोणी जबरदस्ती केली होती? तो स्वतः उभा राहिला. होय, आणि त्याच्या धैर्याला आमचा नमस्कार आहे. परंतु आपण बाजूला झालो तर सोबती दहाच उरतील, हे ज्याला ठाऊक आहे त्याची निवड कितपत मोकळी असते? बाहेर दुसरा गोलरक्षक तयार बसला असता तर वैद्याने त्याला उचलून नेले असते आणि कोणी त्याला भ्याड म्हटले नसते. त्याला शूर ठरवण्याची पाळी नियमाने आणली. पुढच्याच वर्षी, १९५७ च्या अंतिम सामन्यात, मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वुड सहाव्या मिनिटाला धडकेने जखमी झाला. त्याच्या गालाचे हाड मोडले आणि युनायटेड हरले. तरीही इंग्लंडच्या लीग सामन्यांत जखमी खेळाडूचा बदली घ्यावयास १९६५ साल उजाडावे लागले. वेम्बलीच्या त्या लाख प्रेक्षकांपैकी किती जणांनी घरी जाताना नियमाविषयी विचारले असेल? गोष्ट इतकी सुंदर होती की प्रश्न सुचलाच नसावा.

प्रश्न विचारला तो खेळाडूंनी. १९५८ साली युनियनने नवे नाव घेतले आणि जिमी हिल या अध्यक्षाच्या नेतृत्वाखाली कमाल वेतनाविरुद्ध मोहीम उघडली. मँचेस्टरच्या सभेत एका तरुण खेळाडूने शंका काढली की, माझे वडील खाणीत काम करतात. त्यांच्या मते २० पौंड पुष्कळ झाले. बोल्टनचा टॉमी बँक्स स्वतः खाणीत काम केलेला गडी होता. त्याने उठून सांगितले की, तुझ्या वडिलांची पाळी मी करीन. त्यांनी मात्र शनिवारी ३०,००० लोकांसमोर येथे बसलेल्या स्टॅन्ली मॅथ्यूजला अडवून दाखवावे. सभा हसली आणि संपाचा ठराव झाला. नोटीस दिली गेली. संपाला तीन दिवस उरले असता, १८ जानेवारी १९६१ रोजी चालक नमले आणि साठ वर्षांची मर्यादा गेली. त्याच वर्षी फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. पायातली बेडी राहिली होती. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने युनियनच्या पाठबळावर दावा लावला आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी राखून ठेवण्याची ती पद्धत धंद्याच्या स्वातंत्र्यावर अन्याय्य बंधन आहे, असा निकाल दिला.

मर्यादा उठली तेव्हा ट्राउटमान सदतीस वर्षांचा होता. मान मोडली त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो पुन्हा गोलात उभा राहिला होता आणि १९६४ पर्यंत सिटीसाठी ५४५ सामने खेळला. उमेदीची सारी वर्षे जुन्या दराने गेली. नवा दर लागला तो उतरणीला. आमच्या चळवळीचे हे नित्याचे दुःख आहे: जो झाड लावतो त्याला सावली मिळतेच असे नाही. १५ एप्रिल १९६४ रोजी त्याच्या निरोपाचा सामना झाला. अधिकृत मोजणी ४७,९५१ प्रेक्षकांची. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक होते असे म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वी याच शहरात त्याच्या निषेधाला माणसे जमली होती. ही माणसांची बेरीज त्याच्या आयुष्याची खरी कमाई म्हणावी लागेल, आणि ती कोणत्याही मर्यादेत बसणारी नव्हती.

पुढे त्याने इंग्लंडात आणि जर्मनीत लहान संघ सांभाळले. १९७२ पासून जर्मन फुटबॉल संघटनेच्या वतीने तो ब्रह्मदेश, टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान अशा देशांत खेळ शिकवावयास गेला. ज्या माणसाला लहानपणी इतर वंश हलके असल्याचे शिकवले होते, तो ब्रह्मी आणि आफ्रिकी पोरांना चेंडू कसा झेलावा हे शिकवीत फिरला. २००४ साली ब्रिटनने त्याला मानाचा किताब दिला. १९ जुलै २०१३ रोजी स्पेनमध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला.

तर श्रोतेहो, हिशेब असा आहे. या माणसाला एका शहराने क्षमा केली, ही मोठी जमा. त्या शहरातील ज्या धंद्यात तो राबला त्या धंद्याने त्याला मोजके पैसे दिले, बांधून ठेवले आणि मान मोडली तेव्हा पाठीमागे दुसरा माणूस उभा केला नाही, ही नावे बाजू. दोन्ही बाजू एकाच वहीत लिहिल्या पाहिजेत. आजचे गोलरक्षक अमाप पैसा मिळवतात म्हणून आपण नाके मुरडतो; पण तो पैसा मैदानाच्या दारात पूर्वीही येत होता, फक्त तो गोलापर्यंत पोहोचत नव्हता.

आपापल्या गावी, आपापल्या कारखान्यात, रुग्णालयात, वाहतुकीत अशी माणसे रोज उभी असतात. कोणी दोन पाळ्या सलग करते, कोणी ताप अंगावर काढते, आणि आपण त्यांचे कौतुक करतो. कौतुक जरूर करा. त्यांना शाल द्या, श्रीफळ द्या. परंतु घरी जाण्यापूर्वी एकदा विचारा की, बदली माणूस का नव्हता, आणि नोंदवहीत नोंद झाली की नाही. आम्ही एकदा हे विचारावयास विसरलो. तुम्ही विसरू नये, एवढ्यासाठी ही गोलकीपरची गोष्ट सांगितली.